समोरची कड

गोविंदकाका चहाचे पैसे देत आणि सुटे परत आले की खिशात टाकण्याआधी प्रत्येक नाण्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत. मागे रांग खोळंबली तरी त्यांना फिकीर नसे. महाडच्या बाजारातला चहावाला वैतागून म्हणायचा, की काका, नाणी सरकारनं दिलीत, मी घरी पाडलेली नाहीत. काका म्हणत, "सरकारचापण हात चुकतो रे."

काका मूळचे पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतले. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे हातातून नाणी किती गेली याला गणतीच नाही. निवृत्तीनंतर चुकीची पाडलेली नाणी जमवणं हाच त्यांचा उद्योग. पुराचं पाणी ओसरलं की लोक काळीनिळी पडलेली नाणी घेऊन त्यांच्या ओटीवर हजर होत. मोबाइलवर कुणीतरी लाखाची गोष्ट सांगितलेली असे. काका एक नजर टाकून म्हणत, "ही चूक नाय, हा चिखल हाय." शिवथरच्या एका बाईंनी चपटं, गुळगुळीत झालेलं नाणं मोठ्या आशेनं आणलं होतं. काकांनी त्यांना आधी चहा पाजला आणि मग हळूच विचारलं, घरातलं कोण वीर स्टेशनकडे जातं का. नाण्यावरून रेल्वे गेली होती.

"नाण्याला काय झालंय ते सगळेच बघतात," ते मला सांगत. "कधी झालंय ते बघ. टांकसाळीतनं निघायच्या आधी झालं ती चूक. नंतर झालं ती मोडतोड."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो बाबांच्या नाण्यासाठी. बाबा वीर ते महाड रिक्षा चालवायचे. कुणा प्रवाशानं त्यांना एक रुपया दिला, त्याचा कडेचा तुकडा चंद्रकोरीसारखा गायब. आई म्हणाली, कुणीतरी तुम्हाला टोपी घातली. बाबा म्हणाले, हे टांकसाळीतूनच असं आलंय. त्यांनी ते रिक्षात देवाच्या फोटोखाली लाल ऑइलपेंटच्या ठिपक्यानं चिकटवलं आणि मरेपर्यंत खर्च केलं नाही. या रुपयावरून त्यांचं आणि आईचं किती वाजलं असेल! बाबा गेल्यावर मला एवढंच हवं होतं, की जाणत्या माणसानं एकदा सांगावं, कोण बरोबर.

काकांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "कुणीतरी कानस मारलीय रे," ते म्हणाले. "ठेव हितंच, मोडक्यांच्या बरणीत टाकतो." मी ठेवलं. घरी येऊन आईला सांगितलं. ती जिंकल्यासारखी हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "भोळाच होता तुझा बाप," आणि पदरानं डोळे पुसले. पुढे आल्यागेल्याला ती हेच सांगायची, आणि हेच म्हणत ती गेली.

काकांचा मात्र मला लळा लागला. माझं स्टेशनरीचं दुकान बंद असलं की मी त्यांच्याकडे. तुकडा गेलेलं नाणं कसं ओळखायचं तेही त्यांनीच शिकवलं. "तुकडा गेलाय तिथं नको बघू, त्याच्या बरोबर समोर बघ. टांकसाळीतच कमी पडलेलं असलं तर समोरची कड नीट उठत नाय. कानशीनं कापलेल्याची समोरची कड ठणठणीत असते." आईच्या तेराव्याला ते आले होते, माझ्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

गेल्या वर्षी त्यांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं. नाण्यांचा अल्बम नीट लावून दे म्हणाले. निम्म्यात एक रुपया निघाला. तुकडा गेलेला, मागे लाल रंगाचा ठिपका. मी समोरची कड पाहिली. ती बसलेली होती, अक्षरांत जवळजवळ विरघळलेली. भिंग ठेवून मी पुन्हा नखानं चाचपलं, त्यांच्याचसारखं. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : अस्सल.

मी विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. "तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू ते घेऊन गेला असतास," ते म्हणाले. "असं नाणं मला जन्मात मिळालं नव्हतं. घेऊन जा आता. तुझा बाप बरोबर होता रे."

"हे माझ्या आईला सांगायचं होतंत," मी म्हणालो. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं, त्यानंच शिकवताना इतकी वर्षं ते नाणं माझ्यापासून दोन हातांवर लपवलं होतं. मी नाणं उचललं आणि उतरलो. पुन्हा त्या ओटीवर चढलो नाही. ऑपरेशनला सोबत कोण गेलं, तेही विचारलं नाही.

शिमग्याच्या आधी काका गेले. मी गेलो, खांदाही दिला. नदीकाठी मला रडू आवरेना. लोक एकमेकांना सांगत होते, की पोटच्या पोरासारखा जीव होता याचा काकांवर. मी कुणाला काही सांगितलं नाही. मी आईसाठी रडत होतो.