जाळायच्या फळ्या

आमच्या दादाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. थंडी सुरू व्हायच्या आधी मी त्याला एकच काम सांगितलं होतं. गोदामामागे मोडकी लाकडी पॅलेटं, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी, टाकलेली असतात, वॉचमन फुकट न्या म्हणतो. ती आण आणि फोडून सरपण कर. आईची छाती नाजूक. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली गार पडू देऊ नका, पुन्हा कफ साठला तर अवघड आहे. तिच्या खोलीत लोखंडी शेगडी आहे, धुराडं आहे. नव्हतं ते फक्त लाकूड.

पॅलेटं आली. आणायला दादानं कुरकुर केली नाही, हातगाडी भरभरून खेपा घातल्या. मग मागच्या शेडचं दार लागलं आणि आतून कुऱ्हाडीचा नव्हे, रंध्याचा आवाज यायला लागला.

दादा सुतार. फर्निचरचा कारखाना बंद पडल्यापासून त्याला कुणी बोलावलेलं नाही. मी दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करून घरी यायचे, तर हा पकडीनं एकेक खिळा उपटतोय, ठोकून सरळ करतोय, डब्यात टाकतोय.

"हात लावून बघ," तो फळी पुढे करून म्हणायचा. "कसलं कडक लाकूड आहे. असलं कोण जाळतं?"

"आपण," मी म्हणायचे.

आधी स्टूल झालं. मग मांडणी. मग पाठ असलेला बाक. घरात माणसं तीन, बसणार कोण त्याच्यावर? जाळायला म्हणून तो मला बादलीभर ढलप्या द्यायचा. त्या भुर्रकन पेटतात आणि तेवढ्याच लवकर विझतात. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि दुसरी फळी उचलायचा.

बरं, आईला विचारावं तर ती म्हणायची, "नाही गं, मस्त ऊब आहे." की लगेच दादा माझ्याकडे बघायचा, जसं काही मीच उगाच कटकट करतेय. मलाही वाटायचं, इस्त्रीच्या वाफेतून येते मी, मला सगळंच गार लागणार.

सुट्टीच्या दिवशी सकाळी चादर बदलायला म्हणून मी तिच्या अंगावरची रजई काढली. आत तिनं माझे दोन स्वेटर घातले होते, त्यावर बाबांचा जुना कोट, आणि हातांत पायमोजे. मोजा काढून बोटं धरली तर बर्फ. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"आई, हे काय?"

"हळू बोल, तो ऐकेल," ती म्हणाली. "किती दिवसांनी त्याच्या हाताला काम मिळालंय. नाहीतर नुसता पडून असायचा, जेवायला उठवावं लागायचं. मला थंडी सोसते गं."

"सोसते? परत दवाखान्यात जायचंय का तुला?" माझा आवाज चढलाच. डोक्यात तिडीक गेली होती, काय करू. हा लाकडं कुरवाळतोय आणि ही त्याच्यासाठी काकडत पडलीय.

मागे वळले तर दारात दादा. हातात टेप. आईच्या उशाशी छोटं कपाट करायचं म्हणून माप घ्यायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो तसाच शेडकडे गेला.

मग पहिल्यांदा कुऱ्हाडीचा आवाज आला. अख्खं पॅलेट एकही उरलं नव्हतं, त्यामुळे आधी बाक गेला, मग मांडणी, मग स्टूल, मग रंधलेल्या सगळ्या फळ्या. यावेळी त्यानं खिळेसुद्धा काढले नाहीत. एकेक मोळी दाराशी आणून ठेवायचा आणि आईकडे न बघता परत जायचा. मीच शेगडी पेटवली.

दुपारपर्यंत खोली छान तापली. आईनं कोट काढला, एक स्वेटर काढला. छातीतला आवाज कमी झाला, तोंडावर जरा रंग आला. मला हेच तर हवं होतं.

शेडमधला आवाज थांबला. आई कान देऊन ऐकत राहिली. मग तिनं माझा हात धरला.

"आता उद्या हा काय करेल गं?"

मला तिचाही राग आला आणि त्याचाही. हात सोडवून मी शेगडीत आणखी एक फळी सरकवली.