रुबीनाचं ‘येस मॅडम’

“डू यू अ‍ॅग्री, रुबीना?”

“येस मॅडम.”

“व्हाय?”

“येस मॅडम.”

ही तिसरी मॉक टेस्ट. माझं डोकंच फिरलं. मग मी मुद्दाम भरधाव, तोंडातल्या तोंडात काहीतरी इंग्रजी बरळले. त्याला शेंडा ना बुडखा. रुबीनाने अदबीनं मान हलवली. “येस मॅडम.”

मी पेन टेबलावर आपटलं. “आत्ता काय विचारलं मी?”

ती ओढणीशी चाळा करत बसली. “नाई समजलं मॅडम.”

“मग येस काहून म्हटलं?”

“तुमाले परत कसं विचारावं?”

रुबीना बाळापूरची. वडिलांचं टेलरिंगचं दुकान. ती अकोल्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. घरी हिंदी-उर्दू, वॉर्डात वऱ्हाडी, आणि इंग्रजी फक्त केसपेपरवर. मी ज्युनियर कॉलेजातून इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. आता घराच्या पुढच्या खोलीत क्लास घेते. तिला कॅनडातल्या एका कॉलेजात नर्सिंगच्या पुढच्या कोर्सला जागा मिळाली होती, स्कॉलरशिपसकट. मधे उभी होती ती प्लेसमेंट टेस्ट.

या टेस्टमध्ये पास-नापास नसतं. तुमचं इंग्रजी किती, ते बघून तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवतात. लेव्हल चांगली आली तर थेट कोर्स. कमी आली तर आधी सहा-आठ महिने भाषेचा वर्ग, मग कोर्स. ऐकायला सोपं वाटतं. पण रुबीनाची स्कॉलरशिप थेट कोर्सला बसणाऱ्यांसाठीच होती. म्हणजे लेव्हल गेली की कॅनडा गेलं.

वाचन, लेखन तिला जमत होतं. ग्रामर तर माझ्या जुन्या पोरांपेक्षा पक्कं. अडत होतं स्पीकिंगला. त्यात व्हिडिओवर समोर बाई बसते, गप्पा मारते, मधेच उलट प्रश्न टाकते. ‘इंटरॅक्शन’ नावाचे वेगळे मार्क असतात: संभाषण तुम्ही सांभाळता की नाही, नाही समजलं तर विचारता की नाही. आणि आमची बाई विचारायलाच तयार नाही!

मी तिच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. ‘कुड यू रिपीट, प्लीज?’ ती घडाघडा म्हणायची. टेस्ट सुरू झाली की पुन्हा येस मॅडम. दहा दिवस हेच. एकदा तर मी वैतागून म्हटलं, “बापा, तुले जायचं हाय की मले?” ती कावरीबावरी झाली. मला नंतर वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, रुबीनाच्याच हॉस्पिटलमध्ये. दुपारी मी वॉर्डात बसले होते. काउंटरवर फोन वाजला. सर्जनचा होता. हा माणूस किती तापट ते वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशीलाही ठाऊक. फोन रुबीनाने घेतला.

“थांबा सर, हळू सांगा. लिहून राहिली मी. इंजेक्शन आता द्याचं की जेवण झाल्यावर?”

पलीकडून आवाज चढला. मला खुर्चीपर्यंत ऐकू आला.

“सर, चिडा तुमी, पण नंतर. आता मी वाचून दाखवते, बरोबर असलं तर हो म्हणा.” आणि तिने पेशंटचं नाव, औषध, डोस, वेळ, सगळं वाचून दाखवलं. पलीकडून ‘हो’ आल्याशिवाय फोन ठेवला नाही. नर्सिंगमध्ये याला ‘रीड बॅक’ म्हणतात. फोनवरची ऑर्डर परत वाचल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही.

मी बघतच राहिले. ही माझ्यासमोर तोंड न उघडणारी पोरगी?

कॉरिडॉरमध्ये गाठलंच तिला. “त्या डॉक्टरला भीत नाहीस, अन् मला भितेस?”

“तिथं पेशंटचा जीव असते मॅडम. नाई विचारलं तर त्याचं काय?”

“आणि टेस्टमध्ये?”

ती हसली. “टेस्टमधी तर मायं एकटीचंच नुकसान हाय.”

मला गलबलून आलं. दुसऱ्यासाठी सर्जनला थांबवणारी बाई स्वतःसाठी एक प्रश्न विचारायला लाजत होती. “मग त्या दिवशी पेशंट तूच आहेस असं समज,” मी म्हटलं. “तुझ्या पेशंटसाठी विचार.”

त्या दिवसापासून पाठांतर बंद केलं. मी तिला वेळी-अवेळी फोन करायचे. मिक्सर चालू ठेवून बोलायचे, अर्धं वाक्य गिळायचे. तिने मला अडवायचं आणि समजलं ते रीड बॅक करायचं, इंग्रजीत. पहिल्यांदा तिने अडवलं तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, “लक्ष कुठं आहे तुझं?” तीस वर्षांची सवय! जीभ चावली मी. वर्गात परत विचारणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच म्हणत आले होते. अशा किती पोरांची तोंडं मी बंद केली, देव जाणे. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “मॅडम, इंग्लिशमधी बोला.” घ्या!

टेस्टचं सेंटर अमरावतीला होतं. मी सोबत गेले. बाहेर बाकावर बसून पाण्याची अख्खी बाटली संपवली. रुबीना बाहेर आली ती पांढरीफटक.

“मॅडम, मी त्या व्हिडिओवाल्या बाईले तीन वेळा थांबवलं.”

एकदा, दोनदा ठीक. तीनदा? “काय म्हणाली ती?”

“एकदा हसली. मग हळू बोलली.”

आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींना फोन करायचं टाळत होतो. रिझल्ट आला तेव्हा ती ड्यूटीवर होती. मेल मलाच उघडायला लावला. थेट कोर्स! आणि सगळ्यात जास्त मार्क कशात? इंटरॅक्शनमध्ये. मी फोनवर ओरडले, “अवं, जमलं!” पलीकडे वॉर्डात ती रडत होती, की हसत होती, मला कळलं नाही. मी मात्र चक्क रडले. एवढ्या वर्षांत बोर्डात आलेली पोरं पाहिली, पण असा अभिमान वाटला नव्हता.

आमच्याकडे रिवाजच आहे, विद्यार्थी चमकला की क्लासवाल्यांचा फ्लेक्स चौकात लागतोच. मीही लावला. डावीकडे रुबीना, उजवीकडे मी, वर ‘हार्दिक अभिनंदन’. संध्याकाळी फोन आला.

“मॅडम, फ्लेक्स पाहिला. एक विचारू?”

“विचार ना.”

“टेस्ट मी देली. मंग तुमचा फोटो मायापेक्षा मोठा काहून?”

मी दुसऱ्याच दिवशी नवा फ्लेक्स लावला. त्यात ती एकटीच आहे.