टिचकी मारून ऐकणारा माणूस

समोर आलेल्या कुठल्याही वस्तूवर ते आधी नखाने टिचकी मारायचे. चहाचा कप, कलिंगड, माझ्या टेबलाची काच, एकदा तर नव्या पंख्याचं पातं. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "वाजतंय बरं. पण फोडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. मी आधीच सांगून टाकतो, माझा त्यांच्यावर राग आहे. अजून आहे.

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य तपासनीस म्हणून काढलं होतं. तिथली रीत अशी, की तयार मालातले थोडे नग बाजूला काढायचे आणि खरोखर उडवून बघायचे. ते नीट उडाले तर बाकीचे पास. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून ते नारायण पेठेत माझ्याकडे आले. माझा कार्टूनचा स्टुडिओ होता. दोन खोल्या, नऊ चित्रकार. लग्नांचं शूटिंग करत करत तो मी एकट्याच्या हिमतीवर उभा केला होता. हाताने काढलेली हजारो चित्रं एकामागोमाग बरोबर लागली आहेत का, हे बघायला बारीक नजरेचा माणूस हवा होता.

मी घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. त्यांच्याशीही तयारीने बसलो. ते म्हणाले, "पगार तुम्ही म्हणाल तो. अट एकच. मी पत्रकावर लिहीन ते कोणी खोडायचं नाही."

"दिला शब्द," मी म्हणालो. फुकटात पडला माणूस, असं मनात म्हणालो. स्टुडिओत सगळे त्यांना काका म्हणू लागले.

त्यांचं पत्रक म्हणजे एक कागद, मधोमध रेघ. डावीकडे गुण, उजवीकडे दोष, तळाला निकाल.

आमच्या मालिकेचा नायक होता टिचकीदादा. स्वारगेटचा आळसावलेला कंडक्टर. अंगात ताकद एवढी, की कसलाही राक्षस येवो, हा एका टिचकीत त्याला पर्वतीपलीकडे धाडायचा आणि पुन्हा तिकिटं फाडायला लागायचा. टिचकीची कल्पना मला काकांवरूनच सुचली होती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पहिला भाग पाहून सगळे चित्रकार पोट धरून हसले. काकाही हसले. मग त्यांनी पत्रक लिहिलं.

गुण: राक्षस तासभर गर्जना करतो आणि हा जांभई देतो, ते उत्तम. स्वारगेटची गर्दी हुबेहूब. नायकाचा कंटाळलेला चेहरा फार छान.

दोष: तिसऱ्या राक्षसापासून तोच विनोद. हा हरणार नाही हे दुसऱ्या मिनिटाला कळतं. बाकीच्या पात्रांना कामच नाही. आठव्या मिनिटाला मला चहा गार होत असल्याची आठवण झाली.

निकालाची जागा त्यांनी कोरी सोडली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"नग फोडून बघितलेला नाही, मालक. याला काहीतरी असं द्या, जे टिचकीने होत नाही."

"काका, तुम्ही तोफगोळे तपासलेत. विनोद तपासायची काय गरज?"

"तोफगोळा निदान एकदा तरी उडतो," ते शांतपणे म्हणाले.

चार दिवसांनी चॅनेलच्या बाई मुंबईहून भाग बघायला येणार होत्या. आमच्या हाती दुसरं काम नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर नऊ जणांना घरी पाठवून मला स्टुडिओला कुलूप लावावं लागलं असतं. तपासणीचं पत्रकही बघायचंय, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मी रेघेवर पट्टी ठेवली आणि कागदाची उजवी बाजू फाडून खणात टाकली. खोडलं नव्हतंच मी काही.

बाई आल्या. टेप लागली. पहिल्या राक्षसाला त्या मोठ्याने हसल्या, दुसऱ्याला हसल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. टेप संपल्यावर पत्रक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "नुसतं कौतुकच आहे की. कुणी लिहिलंय?"

काका कोपऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा माणूस खोलीबाहेर गेला असता. ते पुढे आले, कागद उजेडाकडे धरला आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मी लिहिलंय. पण मी दोन बाजू लिहिल्या होत्या, मॅडम."

"दुसरी कुठंय?"

काका माझ्याकडे बघत राहिले. कबूल करायला त्यांनी मला पुरेसा वेळ दिला, हे आज कळतं. मी टेप काढायला वळलो. तेव्हा त्यांनी दोष एकेक करून तोंडपाठ सांगितले. बाईंनी ते लिहून घेतले आणि "कळवते" म्हणून निघून गेल्या.

जिन्यावरची त्यांची पावलं थांबायचीही मी वाट पाहिली नाही. "माझं खाऊन माझ्याच पायावर धोंडा! उद्यापासून यायचं नाही!"

काकांनी चित्रं तपासायचं भिंग पुसून टेबलावर ठेवलं. "सौदा तुमच्याकडून मोडलाय, मालक," एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले. लोक मला चोर म्हणाले असते तरी एवढं लागलं नसतं. मोडलेला सौदा माझ्या नावावर नव्हता तोवर.

आठवड्याने बाईंचं पत्र आलं. नायक एकदा तरी अडलेला दाखवा, मग बोलू.

मी खणातून तो तुकडा काढला. नवा भाग बनवला. त्यात टिचकीदादाच्या म्हाताऱ्या शेजारीणबाईंना सुईत दोरा ओवून हवा असतो. दादाच्या बोटांत सुया वाकतात, मोडतात. दारात राक्षसांची टोळी ताटकळत उभी. शेवटी त्यांच्यातलाच एक वैतागून आत येतो, चष्मा लावतो आणि दोरा ओवून देतो.

बाई शेवटपर्यंत हसल्या. घड्याळाकडे पाहिलं नाही. मालिका घेतली.

त्याच दुपारी पत्रकाचे दोन्ही तुकडे चिकटवून मी खडकीला गेलो. निकाल त्यांच्याकडून लिहून घ्यायचा, थोडं भांडायचं आणि त्यांना परत आणायचं, असं ठरवलं होतं. काकांच्या खोलीला कुलूप होतं.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मुलाकडे गेले. बडोद्याला."

"परत कधी?"

"सामान नेलंय हो सगळं."

"पत्ता?"

"नाही दिला. आपण कोण त्यांचे?"

काय सांगणार? भांडायचीही संधी न देता हा माणूस निघून गेला, हीच तर माझी तक्रार आहे. ते गृहस्थ आत गेले. मी कागद हातात धरून तसाच उभा राहिलो. मग नखाने त्या बंद दारावर एक टिचकी मारली आणि मान तिरकी करून ऐकू लागलो.