मोठ्या बाई आणि त्यांचा थायरॉइड

ऐन मे महिन्यात अकोल्यात स्वेटर घालून बसणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि ती माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे न मोजलेल्या गोष्टीबद्दल मी सहसा इतके ठाम बोलत नाही. पण पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला, रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते आहे, आणि या बाई पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून म्हणताहेत, "कूलर बंद करा बाप्पा, हाडात गारठा शिरून राहिला माह्या," हे मी स्वतः एकाहून अधिक उन्हाळ्यांत पाहिले आहे. मग आमच्या साडूंनी मुकाट्याने कूलर बंद करायचा आणि उशी काखेत मारून गच्चीवर झोपायला जायचे, अशी त्या घरची रीत. साडूंची तक्रार नसते. एकदाच म्हणाले, "थायरॉइड तिले भेटला, गच्ची मले भेटली. वाटनी झाली."

त्यांना घरात सगळे मोठ्या बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. बार्शीटाकळीच्या रस्त्याला त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि मळ्याचा कारभार त्यांच्याच हातात आहे. थायरॉइड पुष्कळ लोकांना असतो. माझ्या ओळखीत चार जणींना आणि एका शाखाधिकाऱ्याला आहे. पण त्यांचा तो आजार आहे. मोठ्या बाईंचा तो माणूस आहे. त्या त्याला नावाने हाक मारत नाहीत, नुसते 'तो' म्हणतात. "आज तो उठलाच नाई," म्हणजे आज अंगात त्राण नाही. "तो रुसला," म्हणजे विनाकारण रडू येते आहे. नव्या पाहुण्याला काही वेळ वाटते की घरात कोणी लाडावलेला, बिनकामाचा दीर राहतो आणि अजून खोलीबाहेर आलेला नाही.

राहायला अकोला आणि डॉक्टर अमरावतीचे, हे कसे, असे मी विचारले होते. त्यावर त्या म्हणाल्या, "अकोल्याचा डॉक्टर आमच्याकडून वांगे नेते, जवाईबुवा. ज्याले मी दोन वांगे वरून देतो, तो मले खरं कसा सांगन?" त्यामुळे दर काही महिन्यांनी त्या अमरावतीला आमच्याकडे येतात, इथे रक्त देतात आणि अहवाल वाचायचे काम माझ्याकडे येते. आकडा बोलणाऱ्यावर त्यांचा विश्वास आहे, पण आकड्यावर नाही. टीएसएच वाढला की थायरॉइड कमी पडतो, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की माझ्याच जुन्या सगळ्या ताळेबंदांविषयी मला शंका आली. "वाढला तं कमी काहून म्हन्ता?" मी समजावले, की टीएसएच म्हणजे मेंदूकडून आलेला तगादा, ग्रंथी काम करत नाही म्हणून तगादा वाढतो. हे मात्र त्यांना चटकन पटले. "म्हन्जे आमच्या घरच्यासारखंच. काम जितकं कमी तितकी माही बोंब जास्त." डॉक्टरांना मी हे सांगितले तर त्यांनी ते लिहून घेतले, इतर पेशंटांसाठी.

मध्यंतरी कोबीचे प्रकरण झाले. मोबाइलवर कुणीतरी संदेश पाठवला की कोबी आणि फूलकोबी थायरॉइडला विषासारखे. आता मळ्यात निम्मे वाफे त्याच पिकाचे. साडू सांगतात की बाई संध्याकाळी वाफ्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि सबंध कोबीला उद्देशून म्हणाल्या, "पानी म्या पाजलं, अळ्या म्या येचल्या, आन तुमी माह्याच गळ्यावर उठल्या." त्या हंगामात त्यांनी कोबीकडे पाठ करूनच खुरपणी करून घेतली. पुढे डॉक्टरांनी सांगितले, की शिजवलेला कोबी बेताने खायला काही हरकत नाही, गोळी तेवढी वेळेवर घ्या. त्या परत गेल्या, वाफ्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जा, सोडलं." मजूर बायका अजून ते सांगतात.

हे सगळे हसण्यासारखे आहे आणि आम्ही हसतोच. पण 'तो' घरात आला त्याच्या आधीची दोन वर्षे हसण्यासारखी नव्हती. पहाटे मळ्यात जाणारी बाई दिवस वर आला तरी अंथरुणात पडून असायची. केस गळाले, पाय सुजले, बोलता बोलता डोळ्यांतून पाणी यायचे. सासरच्यांनी ठरवले की बाई आळसावली. माहेरच्यांनी, म्हणजे माझ्या बायकोसकट सगळ्यांनी, ठरवले की तिला सुख बोचते. स्वतः बाईंनीही मनातून तेच ठरवले होते. डॉक्टरांनी अहवाल पाहून ग्रंथीचे नाव घेतले तेव्हा त्या दवाखान्यातच पदर तोंडाला लावून रडल्या. जन्मभर गोळी घ्यावी लागेल याचे ते रडू असेल असे मला वाटले. तसे नव्हते. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "म्हन्जे मी आळशी नोती ना, जवाईबुवा?" तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर जीव बसला. ज्याने आपल्यावरचा आळ काढला, त्याला कोण दूर करील?

अडचण एवढीच झाली, की हळूहळू सगळेच आळ त्याच्या नावावर जाऊ लागले. अडत्याला शिव्या दिल्या, तो बोलला. नणंदेने आणलेले लुगडे तिच्यासमोर मोलकरणीला देऊन टाकले, त्याने दिले. सकाळी भांडायचे आणि संध्याकाळी फोन करायचा: "मंघाशी मी नाई बोलली व, तो बोलला." आम्ही सगळे मान्य करत आलो. आजारी माणसाशी कोण वाद घालतो? बायको तर म्हणायची, "बाईशी भांडायची सोयच उरली नाही."

या घरात एकच माणूस त्याच्याशी अदबीने वागत असे, ती म्हणजे बाईंची सून. मोर्शीकडची मुलगी, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगा आणि ती अमरावतीतच, आमच्यापासून जवळ, भाड्याने राहतात. सकाळी गोळी घेतल्यावर चहासाठी अर्धा तास थांबावे लागते. तो अर्धा तास बाईंना अख्ख्या दिवसाहून मोठा वाटतो. रोज त्या वेळेला सुनेचा फोन यायचा. "आई, गोळी झाली का? मग सांगा, काल काय तोडलं?" चहा होईपर्यंत दोघी मळ्यातल्या गोष्टी करायच्या. दोन्ही घरच्या माणसांना तेवढ्या वेळात काही मागायची परवानगी नव्हती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाई तपासणीला आल्या आणि सुनेकडे जेवायला गेल्या. आम्ही दोघेही होतो, सुनेची आईही मोर्शीहून आलेली होती. मुलगा थोडा वाळलेला दिसला. बाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "पोट्टा वाळून काडी झाला. या घरात मशिनीले तेल भेटते, मान्साले पोळी नाई भेटत." तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी चालले असते. पण विहीणबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "पोरीले कामावर धाडाले शिकोलं, घर कराले नाई शिकोलं." विहीणबाईंचा हात ताटातच राहिला. सुनेने सगळ्यांना भात वाढला, ताक दिले, बाईंना हात धुवायला पाणी दिले. आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा सकाळचा फोन बंद झाला.

बाईंनी नेहमीप्रमाणे निरोप धाडला, की मी नाही, तो बोलला. उत्तर आले नाही. मग त्यांनी सगळी भिस्त अहवालावर ठेवली. जेवणाच्या दिवशी सकाळीच रक्त दिले होते. टीएसएच चढलेला निघाला की कागद सुनेपुढे ठेवायचा, म्हणजे प्रश्न मिटला. मी अहवाल घेऊन आलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "किती हाय?"

"दोन पूर्णांक चार," मी म्हणालो. "एकदम बरोबर. इतका चांगला आजवर आला नव्हता."

त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेऊन पाहिला. चांगला अहवाल ऐकून इतके खचलेले माणूस मी पाहिलेले नाही. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "जवाईबुवा, तुमी हिशोबाचे मानूस. मंधातला तो टिंब काढून टाकला तं?"

"तर चोवीस होतील."

"चोवीस चालते मले."

मी नाही म्हणालो. टिंब काढायला माझा हात वळत नाही, हा एक भाग. आणि दुसरा म्हणजे, चोवीस पाहून डॉक्टरांनी गोळी वाढवली असती. त्या माझ्यावर रागावल्या, पण हा राग कोणाच्या नावावर टाकावा हे त्यांना सुचेना. अकोल्याला जाऊन त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त दिले. तिथेही तेच. शेवटी दोन्ही कागद घेऊन परत अमरावतीला आल्या आणि त्यांनी ते डॉक्टरांच्या टेबलावर आपटले. मी शेजारी होतो.

"हे जर बराबर हाय, तं त्या दिशीचा तो राग कोनाचा होता?"

डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला. "तो तुमचाच असेल, बाई."

दवाखान्यातून निघालो. रिक्षावाल्याला मी आमच्या घरचा पत्ता सांगितला, तर बाई म्हणाल्या, "सुनेकडे घ्या." सुट्टीचा दिवस होता. सूनच दार उघडायला आली. आत या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. बाई आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला न काढता उभ्या राहिल्या आणि पाठ केल्यासारखे म्हणाल्या, "त्या दिशी मी बोलली होती. तो नोता. दोन ठिकानी तपासलं. मीच होती."

सून म्हणाली, "आई, मले ते तवाच माहीत होतं. पन तुमी त्याले पुढं करता. त्याच्याशी कसं भांडू मी? त्याले काय ऐकू येते का?"

"मंग माह्याशी भांड."

"भांडीनच. माह्या मायसमोर बोलल्या तुमी."

"बोलली."

"तुमचा पोरगा वाळला कारन तो डब्बा उघडतच नाई, भरलेला वापस आनते. इचारा त्याले."

"तो लहानपनापासून तसाच. तूही काही कमी नाईस, भात चिकट झाला होता त्या दिशी."

"चिकट होता तं मांगून काहून घेतला?"

आत जाऊन दोघी भांडू लागल्या ते चांगला तासभर. मध्येच बाईंनी मोर्शीला फोन लावायला लावला आणि विहीणबाईंनाही तेच वाक्य म्हणून दाखवले. तिकडून विहीणबाईंनी तब्येत विचारली, आणि बाईंनी पहिल्यांदाच 'तो' शब्द न उच्चारता स्वतःची तब्येत सांगितली. मुलगा बाहेर माझ्याजवळ येऊन बसला. सून चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पण कप तिने बाईंच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही.

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना स्टेशनवर पोहोचवायला गेलो. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. मला वाटले, ओझे उतरले असेल, हलके वाटत असेल. तसे मी विचारलेही.

"हलकं कायचं, जवाईबुवा," त्या म्हणाल्या. "इतके वर्स वाटे, माह्यात जे वाईट ते त्याचं, आन चांगलं तेवढं माह्यं. आता सारंच माह्यं. लय जड हाय हे."

गाडी आली. मी पिशवी उचलायला वाकलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच चढल्या.