दोन आळ्या, एक कढई

माणसानं आचाऱ्याचं काम धरलं की किस्से आपोआप जमतात. भाजी पंगतीत संपून जाती, पण कढईच्या बुडाला लागलेलं कितीबी घासा, निघत न्हाई. माझ्या डोक्याचं तसंच झालंय. चौथीत शाळा सोडली, तवापासून कढईच हलवून राह्यलो.

आमचं गाव आष्टीच्या अलीकडं. मागल्या साली आरक्षणाचा बॅनर कुणीतरी फाडला, दगडं उडाली, पोलीस आले आन् गावाचे दोन तुकडे झाले. वरली आळी, खालली आळी. मी वरल्या आळीचा. जाती सांगत न्हाई, तुमाला बराबर कळतंय. हनुमान जयंतीला साऱ्या गावाचा एकच भंडारा असतो, भाजी माझ्या कढईतली. त्या साली झालाच न्हाई. यंदाबी झाला न्हाई तर कायमचा बंद, हे मला साफ दिसत होतं.

अशात एक म्याडम गावात आल्त्या. अंबडच्या वकिलाची पोरगी, बाहेरच्या देशांतल्या यादवी युद्धावर अभ्यास केलेली.

मी विचारलं, "यादवी म्हंजे?"

"एकाच देशातली माणसं एकमेकांशी लढतात, मामा."

"मंग त्यासाठी विमान कशाला? एस्टीनं आमच्या वाटूर फाट्यावर उतरायचं!"

*

म्याडमला बघायचं होतं, भांडणानंतर गावात सत्ता कुणाची चालती. सरपंचाला विचारलं, त्यानं ग्रामसेवकाकडं बोट दाखवलं. ग्रामसेवकानं तहसीलदाराकडं. तहसीलदार मिटिंगला गेल्ते. दमून माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.

मी म्हणलं, "म्याडम, सत्ता लाईनमनची! तो ज्या आळीत चहा पितो, त्या आळीत मोटर चालती."

म्याडम हसल्या. मी हसलो न्हाई. त्या दिवशी तो खालल्या आळीत चहा पिऊन राह्यला होता.

*

शांतता समिती झाली. दाजीबा अध्यक्ष, आमच्या वरल्या आळीचा. बघावं तर ह्याची दाढी छातीपर्यंत!

म्याडमनी अदबीनं विचारलं, "काही नवस वगैरे आहे का?"

दाजीबा इकडं तिकडं बघून हळूच म्हणला, "नवस कशाचा! न्हावी खालल्या आळीत ऱ्हातो. मानेवर वस्तरा लावायचाय, म्याडम. आधी शांतता होऊ द्या!"

*

म्याडम सांगत होत्या, तिकडं लढाई थांबली की पहिल्यांदा हत्यारं जमा करतात. फौजदाराला ही गोष्ट लई आवडली. त्यानं दवंडी दिली, काठ्या-कुऱ्हाडी चावडीवर आणा.

आमची म्हातारी कंबरेवर हात ठेवून चावडीत गेली. "कुऱ्हाड तुमी ठेवून घेतली तर सायब, लाकडं तुमी फोडून देणार का? जमाच करायचं असंल तर ह्या पोरांचे मोबाईल करा की!"

फौजदाराचा मोबाईल तवाच वाजला. आमच्याच गावाची अफवा, फिरत फिरत त्यालाच आल्ती.

*

आता बापूराव. खालल्या आळीचा म्हातारा. भंडाऱ्याला माझ्या कढईशेजारी झारा धरून हाच उभा ऱ्हायचा, काळे केस होते तवापासून. भांडण झालं तसं बोलणं बंद. समोर आला की आभाळाकडं बघायचा.

म्याडम त्याच्याकडं गेल्त्या, परत आल्या त्या निरोप घेऊन. "मामा, ते म्हणाले, त्या म्हाताऱ्याला सांगा, त्याच्या म्हशीनं आमची ज्वारी खाल्ली."

मी म्हणलं, "त्याला सांगा, म्हैस बॅनर वाचत न्हाई. तिला आळी कळत न्हाई."

जाऊन सांगितलं बिचारीनं. उत्तर आलं, "मालकाला तरी कुठं वाचता येतंय!"

मला राग यायला पाहिजे होता. आला न्हाई. म्हातारा अजून आपल्याला शिव्या देतोय म्हणल्यावर त्या दिवशी भाकर गोड लागली.

*

भंडारा ठरला. फौजदारानंच ठरवला म्हणा. दाजीबा गुपचूप येऊन म्हणला, "आबा, निम्मीच भाजी टाका. ते काई येत न्हाईत." खालल्या आळीचं पोरगंबी मागल्या दारानं आलं. "आबा, निम्मीच टाका. हे काई येत न्हाईत."

दोघांचं ऐकलं असतं तर कढई रिकामीच चढवावी लागली असती! मी सगळ्या गावाची टाकली.

*

भंडाऱ्याला दोन्ही आळ्या आल्या. मारुतीसमोर पंगती बसल्या त्या समोरासमोर, मधी बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून. वाढून झालं. जयघोष झाला. आन् हात काई कुणाचा उठंना!

सकाळपासून मोबाईलवर फिरत होतं, भाजीत कायतरी कालवलंय म्हणून. हे त्यांच्या ताटाकडं बघतेत, ते ह्यांच्या. लेकराचा हात जरी पुढं गेला तर आई मागं ओढती. फौजदार बाजूला उभा, घास घ्यायचं त्याचंबी धाडस होईना. आता एक जण जरी उठला असता तर सगळी पंगत उठली असती.

मी म्याडमच्या कानाशी गेलो. "म्याडम, पहिला घास तुमी घ्या."

त्यांचं तोंड उतरलं. "मामा, मी मधे पडायचं नसतं. मी फक्त बघायचं."

तेवढ्यात बापूरावनं घास मोडला. भाजीत बुडवला, तोंडात टाकला, चावत बसला. सारं गाव त्याच्या जबड्याकडं बघून राह्यलं.

घास गिळला आन् थेट माझ्याकडं बघून ओरडला, "माणक्या, मीठ इसरलास काय रे?"

माझं डोस्कंच फिरलं. "मीठ बराबर हाय! तुझी जीभ मेली!"

आमच्या दाजीबानं बोट बुडवून चाटलं. "आबा, खरंच अळणी हाय."

"बिलकुल पाणी!" खालून एक जण.

"म्हातारा झाला आता, कढई काढून घ्या!" वरून एक जण. माझा सख्खा पुतण्या!

मंग काय, जो तो चाखायलाय आन् मला बोलायलाय. दोन्ही पंगती एका सुरात! बापूराव धोतर सावरत उठला, मधली जागा ओलांडून आला, मला खांद्यानं बाजूला सारून कढईत मूठभर मीठ फेकलं आन् झारा हातात घेतला. "सरक तिकडं. जल्दी वाढा रे, गार व्हायलंय!"

म्याडम धावत माझ्याकडं आल्या. "मामा, खरं सांगा. तुम्ही मीठ घातलं होतं का?"

मी म्हणलं, "म्याडम, भाजी वाढू का?"