दोन ते चारची फळी

शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. बायडाबाई लग्न होऊन आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्याची तिला कधी अडचण वाटली नव्हती. या पाडव्याला मात्र तिनं वर्षभरात दहावी व्हायचं ठरवलं, आणि तेव्हापासून त्या उघड्या चौकटीकडे बघून तिची कानशिलं तापू लागली.

नववीत असताना ऐन दिवाळीत तिची शाळा सुटली, लग्नासाठी. तिला कुणी विचारलंही नव्हतं. तो राग तिनं इतकी वर्षं गिळला होता. आता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, परीक्षा मार्चमध्ये. तिनं नेम केला, रोज दुपारी दोन ते चार पुस्तक. शनिवार आणि अमावस्या सोडून, कारण त्या दिवशी नवऱ्याच्या, कल्याणच्या, तेला-हारांच्या दुकानावर उभं राहावं लागे. अभ्यास झाला की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. बुडला की बोटभर जागा मोकळी.

चूक तिची एकच झाली. शेजारच्या साळूबाईला ती बोलून गेली, "दोन ते चार कुनी येऊ नगा."

झालं! ती काय करते ते बघायला सगळे नेमके दोनलाच यायला लागले. साळूबाई तर निवडायची मेथी घेऊनच यायची.

"बघू दे की मास्तरीनबाई. ह्यो तिरकोन कशाला गं? भाकरी तिरकोनी थापायची का आता?"

"साळूबाई, उठा."

"च्या टाक, उठते."

दिवाळी झाली तेव्हा भिंतीवर रेघांपेक्षा मोकळ्या जागा जास्त होत्या. त्या बघून बायडाबाईला रडू आलं नाही, संताप आला. कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री चौकटीत आडवी लावायची फळी तिनं भरदुपारी लावली.

दुसऱ्याच दिवशी थोरले दीर बजरंग बाहेरून ओरडले, "बायडे, दिवसाढवळ्या दार लावलंस? गावाची रीत मोडतीस?"

"दार न्हाई भाऊजी, फळी हाय. रातीला रोज असती."

"रातीला कुत्री येत्यात!"

"मंग दुपारी कोन येतंय, ते तुमीच बघा. कुत्र्यांसाठी फळी चालती, माझ्या पुस्तकासाठी न्हाई?"

बजरंगांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी फळी उचलली, खांद्यावर टाकली आणि घेऊन गेले.

संध्याकाळी कल्याण ताटावर मान खाली घालून म्हणाला, "दादाशी असं बोलत्यात का?"

"फळी परत आनता का?"

त्यानं आमटीची वाटी तोंडाला लावली. तिनं त्याला दुसरी भाकरी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला बायडाबाई स्वतःच उंबऱ्यावर बसली. चौकटीच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला पाय, मांडीवर भूमितीचं पुस्तक. साळूबाई मेथी घेऊन आली आणि थबकली.

"सर की गं."

"चारला."

"आगं, उंबऱ्यावर बसू न्हाई."

"तिनीसांजंला बसू न्हाई. आता दोन वाजल्यात."

"पाय तरी घे!"

"वलांडा की."

बसल्या माणसाला कोण ओलांडणार? साळूबाईनं मेथी काखेत मारली आणि बडबडत निघून गेली. मग बजरंग आले. खाकरले. बायडाबाईनं मान वर केली नाही, मोठ्यानं वाचायला लागली, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश." तेच वाक्य तिनं तीनदा वाचलं, दर वेळी आवाज चढवून. तिसऱ्या वेळी बजरंग माघारी वळले.

आठ दिवसांनी कल्याण कुणाला न सांगता फळी घेऊन आला आणि भिंतीला टेकवून उभा राहिला. त्याला वाटलं, आता तरी ही हसेल.

"रातीला लावा," ती म्हणाली. "दुपारची मी हाय."

चार वाजता ती उठली आणि भिंतीवर रेघ ओढली, इतक्या जोरानं की हातातला कोळसा मोडला.