कोपरा फाटलेलं पोस्टकार्ड

नवऱ्यासाठी मी दोनदा रडले. पहिल्यांदा रडले तेव्हा हे चांगले धडधाकट होते.

दुसऱ्यांदा, काल दुपारी. चहा मागितला, मी ठेवला, कप घेऊन आले तर हे गेलेले. चहापुरतंसुद्धा थांबले नाहीत.

सकाळपासून सगळ्यांचे फोन येताहेत, "काकू, बऱ्या आहात ना?" नाही, बरी नाहीये. पण पहिल्या रडण्याची गोष्ट ह्यांना सांगायला फार आवडायची. आता मलाच सांगावी लागणार.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हे नेव्हीत सिग्नलमन. काम काय, तर दोरीवर झेंडे चढवायचे आणि उतरवायचे. तेही साध्यासुध्या जहाजावर नाही हं, फ्लॅगशिपवर! सुट्टीवर आले की नाशिकरोडच्या आमच्या अख्ख्या कॉलनीला ऐकवायचे, "आपण फ्लॅगशिपवर असतो."

म्हणजे नक्की काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मोठं जहाज असेल, झालं! शेजारच्या लीलाबाई तर ह्यांना "पलॅकशीप" अशीच हाक मारायच्या.

मी सिन्नरच्या शाळेत शिक्षिका, पण तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर घरी. मुलगी सव्वा महिन्याची. बापाने अजून तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

जानेवारीतली सकाळ. पोस्टमन आला, कार्ड हातात दिलं आणि खाली मान घालून निघून गेला. एरवी आमची पत्रं वाचून वर चौकशी करणारा माणूस!

कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

आजच्या पोरांना सांगायला हवं. तेव्हा कुणी गेल्याचं पत्र कोपरा फाडून पाठवायचे. ते घरात न्यायचं नाही. दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं.

अक्षर परक्याचं. पहिली ओळ, "आज आमच्या जहाजावरचा झेंडा उतरला. सगळी पोरं गप्प होती."

झेंडा कधी उतरतो हो? कुणी गेलं की.

पुढचं मी वाचलंच नाही. रीतीप्रमाणे कार्ड टराटरा फाडलं आणि पायरीवर बसकण मारली.

वर्गात घसा फोडून सांगायचे, "प्रश्न शेवटपर्यंत वाचा रे!" आणि स्वतः बाई एका ओळीवर विधवा झाल्या.

कॉलनी जमली. मी कशी रडले ते लिहीत नाही. आत मुलगी भुकेने टाहो फोडत होती आणि मला तिला जवळ घ्यायचं भान नव्हतं. एक बाई माझ्या बांगड्यांकडे बघायला लागली होती.

लीलाबाई तेवढ्या रडत नव्हत्या. भोचक बाई! कार्डाचे तुकडे गोळा करून ओट्यावर जुळवत बसल्या होत्या. एकदम ओरडल्या,

"ए मास्तरीण! मेलेला माणूस डिंकाचे लाडू मागतो का गं?"



मी त्या तुकड्यांवर झडपच घातली. लिहिलं होतं, "जहाज डागडुजीला जातंय, म्हणून ॲडमिरलसाहेबांनी झेंडा दुसऱ्या जहाजावर नेला. आता आम्ही फ्लॅगशिप नाही. वाईट वाटलं. झेंडा उतरवताना माझं बोट दोरीत सापडलं, म्हणून मित्राकडून लिहून घेतोय. शनिवारी येतो. तुझ्या आईने डिंकाचे लाडू केले असतील, चार माझ्यासाठी ठेव. छोटीला पापा."

आणि कोपरा? तो आपला पोस्टाच्या थैलीत फाटला असणार!

"बाळंतिणीच्या लाडवावर डोळा! लय लबाड हाय तुझा पलॅकशीप," म्हणत लीलाबाईंनी मुलीला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मग मात्र त्याही पदर तोंडाला लावून रडल्या.

शनिवारी हे आले. मी दारातच दोन धपाटे घातले, सगळ्यांसमोर. मग ह्यांचं पट्टी बांधलेलं बोट धरून मीच उरलेलं रडून घेतलं.

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. पहिल्यांदाच मुलीला हातात घेतलं होतं, तिच्याकडे बघत मला म्हणाले,

"अगं वेडे, जहाज मोठं म्हणून फ्लॅगशिप नसतं. साहेब ज्या जहाजावर, त्यांचा झेंडा त्या जहाजावर. साहेब गेले की इथला उतरतो आणि तिथं चढतो. मेलं कोण त्यात?"

तेव्हापासून ह्यांच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ ठरलेली. "मी जिवंत आहे." मग बाकीचं.

रिटायर झाल्यावरही सवय गेली नाही. मंडईतून फोन यायचा, "मी जिवंत आहे. कोथिंबीर चांगली नाहीये, आणू का?" मी चिडायचे. पोरं हसायची. मुलगी, जी तेव्हा सव्वा महिन्याची होती, ती आज सकाळपासून बापाचा मोबाईल हातात घेऊन बसली आहे.

अहो, काल झेंडा उतरला. तुमच्याच शब्दांत सांगायचं, तर कुठंतरी चढलाही असेल.

पोहोचलात की दोन ओळी टाका. अक्षर परक्याचं असलं तरी चालेल. कोपरा फाटलेला असला तरी चालेल.

या वेळी शेवटपर्यंत वाचीन.